सर्जनशील विपुलता आणि नवनिर्मिती

एखाद्या व्यक्तीने एकूण किती निर्मिती केली आणि तीतले खरोखर नवे, टिकाऊ असे किती, यांतील संबंध. मानसशास्त्रात हा संबंध मांडणारा समसंधी नियम प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतले मानसशास्त्रज्ञ डीन कीथ सायमन्टन यांच्या नावाशी तो जोडला जातो. विषय मात्र जुना. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३५ मध्येच फ्रेंच व इंग्रज नाटककारांचे वय आणि त्यांच्या नाटकांची संख्या यांचा ताळा घेतला होता.

नियम असा : सरासरीने पाहिल्यास सरस कृतींचे एकूण कृतींशी असलेले प्रमाण निर्मिती वाढल्याने ना सुधारते, ना बिघडते. म्हणून ज्याने पुष्कळ केले त्याच्या नावावर उत्तम पुष्कळ जमते आणि फसलेलेही. सायमन्टन यांनी १९७७ मध्ये दहा अभिजात संगीतकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गाजलेल्या आणि दुय्यम रचनांची चढउतार साधारण बरोबरीने होताना दिसली. थॉमस एडिसनच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंटे आहेत. त्याच एडिसनने चुंबकाने लोहखनिज वेगळे करण्याच्या उद्योगात कित्येक वर्षे आणि बराच पैसा घालवला. या नियमामागची कल्पना डोनल्ड कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये मांडली : आधी आंधळेपणाने अनेक पर्याय निर्माण होतात, मग त्यांतले थोडे निवडून राखले जातात. कोणता पर्याय लागू पडेल हे निर्मात्यालाही आधी ठाऊक नसते.

यावरून ‘भरपूर लिहा म्हणजे प्रतिभा येईल’ असा सल्ला काढणे चुकीचे आहे. मोजायचे ते वेगळे प्रयत्न. एकाच साच्यातून काढलेल्या प्रती नव्हेत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड हे त्यांतले नायक वाचकांनी डोक्यावर घेतले, पण या नायकांची पुढची पुस्तके या अर्थाने कितपत नवे प्रयत्न ठरतात, हा प्रश्नच आहे. उलट मर्ढेकरांचे ‘शिशिरागम’ (१९३९), ‘काही कविता’ (१९४७) आणि ‘आणखी काही कविता’ (१९५१) हे तीनच छोटे कवितासंग्रह. त्यांतल्या दुसऱ्याने मराठी कवितेचे वळण बदलले. ग्रेगोर मेंडेलचेही मोजकेच निबंध, त्यांतला वाटाण्यावरचा १८६६चा निबंध आनुवंशिकीचा पाया ठरला. नियम सरासरीचा असल्याने अशा अपवादांनी तो मोडत नाही. मात्र एकेका व्यक्तीबद्दल तो फारसे सांगतही नाही.

गंभीर आक्षेप ॲरन कोझबेल्ट यांचा आहे. त्यांच्या २००८च्या अभ्यासात बऱ्याच संगीतकारांच्या बाबतीत सरस रचनांचे प्रमाण अनुभवाबरोबर वाढलेले आढळले, म्हणजे निर्मिती अगदी आंधळी नव्हती. दुसरी अडचण मोजमापाची. वैज्ञानिकांसाठी संदर्भोल्लेख आणि संगीतकारांसाठी वादनाची वारंवारता मोजली जाते. हे आकडे कीर्तीचे आहेत, नावीन्याचे नव्हेत. ज्याचे नाव आधीच झाले त्याच्या पुढच्या कामाकडे लक्षही अधिक जाते. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये यालाच मॅथ्यू परिणाम म्हटले.

विपुलता आणि नावीन्य यांच्या संबंधाचा प्रयोगशाळेतला पुरावा छोटा असला तरी अधिक स्वच्छ आहे. क्रिस्टेन्सन, गिल्फर्ड आणि विल्सन यांच्या १९५७च्या प्रयोगात लोकांना ठरावीक वेळात कल्पना सुचवायला सांगितले होते. वेळ जाई तसा सुचण्याचा वेग मंदावला. पण उशिरा आलेली उत्तरे सुरुवातीच्या उत्तरांपेक्षा अधिक अनोखी निघाली.