खाणावळीचा हिशोब

"काका, तुम्ही गिरणगावातले. स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहास लिहा," असं सेक्रेटरींनी सांगितलं. सोसायटीच्या स्थापनेबद्दल याच अंकात इतरांनी लिहिलं आहेच. मी लिहितोय तो इतिहास त्याच्या आधीचा आहे. आपल्या तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीशी त्याचा संबंध आहे. तो कसा, ते शेवटी सांगतो.

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत होते आणि आई घरात खाणावळ चालवायची. कोकण, सातारा, कोल्हापूरकडून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून इथे एकटे राहत. त्यांतले बाराजण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही वेळा जेवत. पाळी पहाटेची असो वा रात्रीची, आईचा स्टो पेटलेला असायचा. जेवणाचे पैसे मिळायचे पगार झाल्यावर, पण ज्वारी-तांदूळ मात्र रोज लागायचे. मग वाण्याकडे उधारी. उधारीचा भाव चढा. त्यातूनही अडलं तर सावकार. आईच्या दोन बांगड्या वर्षातले निम्मे महिने त्याच्याकडेच असायच्या. एवढं राबूनही कुणी विचारलं तर ती सांगायची, "मी काही करत नाही, घरीच असते."

गिरणगावात अशा हजारो बाया होत्या. त्यांचं हे 'काही न करणं' म्हणजे धंदा आहे, हे पहिल्यांदा ओळखलं प्रेमाताई पुरव यांनी. मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. संपाच्या काळात कामगाराला उधारीवर जेवू घालून जगवते ती खाणावळवाली, आणि तिलाच कुणी वाली नाही, हे त्यांनी पाहिलं. १९७५ साली त्यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केलं. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबाला कर्ज द्यायचं धोरण कागदावर आलं होतं. प्रेमाताईंनी तो कागद खाणावळवाल्या बायांच्या हातात आणून दिला. पहिल्या १४ जणींना प्रत्येकी १५०० रुपये कर्ज मिळालं.

तारण काय? काहीच नाही. एका वस्तीतल्या बायांनी गट करायचा आणि एकमेकींना जामीन राहायचं. आई पुढच्या वर्षी अशाच एका गटात शिरली. बँकेत सही करायची म्हणून आठ दिवस माझ्या पाटीवर स्वतःचं नाव गिरवत होती. कर्ज मिळालं तसा वाणसामान रोखीने आणि घाऊक येऊ लागलं, आणि बांगड्या हातात राहिल्या. हप्ता चुकवायची तिची हिंमत नव्हती. भीती बँकेची नव्हती. "माझ्यामुळे पलीकडच्या वहिनीला बोल लागेल," म्हणायची.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्याकडचे बाराजण एकेक करून गावी गेले. आईने दोघांची कित्येक महिन्यांची बाकी कधीच मागितली नाही. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. खाणावळीचं गिऱ्हाईकच संपलं, तेव्हा मंडळाने केटरिंगकडे मोर्चा वळवला. हात तेच, स्वयंपाक तोच, गिऱ्हाईक नवं.

आता मुद्द्याचं. अशा संस्थेला 'ना नफा' म्हणतात आणि तिथेच आपला घोटाळा होतो. ना नफा म्हणजे फुकट नव्हे, तोटाही नव्हे. माल विकायचा, दाम घ्यायचे, मजुरी, भाडं, हप्ता चुकता करायचा. वर उरेल ते कुणा बाहेरच्या मालकाच्या खिशात न जाता ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांच्याच कामी लावायचं. लिज्जत पापडाचंच बघा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी हात पसरायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. लाटणारी प्रत्येक बहीण ही तिथे मालकीण समजली जाते.

कायद्यात याचे वेगवेगळे साचे आहेत. ट्रस्टला किंवा कलम ८ खालच्या कंपनीला नफा वाटताच येत नाही. सहकारी संस्थेला लाभांश देता येतो, पण महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे १५ टक्क्यांच्या वर नाही. आपली सोसायटीही त्याच कायद्याखाली नोंदलेली. मेंटेनन्समधून उरलेली रक्कम आपण वाटून घेतो का? नाही, ती दुरुस्ती निधीत टाकतो.

एवढं मला कळतं. तरी आठ वर्षांपूर्वी मी काय केलं, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. मागच्या वस्तीतल्या बचत गटाने पोळी-भाजी केंद्रासाठी तळमजल्यावरची खोली भाड्याने मागितली होती. मी तेव्हा खजिनदार. सभेत उठून म्हणालो, "पोळी विकून पैसे कमावणार, मग हा धंदा झाला. समाजसेवा असती तर गोष्ट वेगळी." टाळ्या पडल्या, ठराव बारगळला. त्या बाया काही न बोलता निघून गेल्या. घरी आल्यावर आईने, तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती, एवढंच विचारलं, "मग मी काय करत होते रे?"

मला उत्तर देता आलं नाही. आई आता नाही. खोली अजून रिकामीच आहे, आत जुने बाक आणि गणपतीचं मखर आहे.

यंदाच्या वार्षिक सभेत तो विषय मी स्वतः मांडणार आहे. दया म्हणून खोली देऊ नका. भाडं ठरवा, करार करा, वीज-पाण्याचा मीटर वेगळा घ्या, दरवर्षी गटाचा हिशोब मागा. आणि त्या हिशोबात चार पैसे शिल्लक दिसले तर कपाळाला आठ्या घालू नका. ते कुठे गेले, एवढंच बघा.