रक्षा धाग्याची कुळी
मालवणात रेल्वे नाही. मुंबईचा चाकरमानी कुडाळला नाहीतर कणकवलीला उतरतो आणि पुढे एसटी धरतो. तरी जून लागला की आमच्याकडे पहिला प्रश्न, ‘पावसाळी टायमटेबल लागला काय?’ कोकण रेल्वेच्या गाड्या पावसात सावकाश चालणार, म्हणून तास-दीड तास आधी सुटणार, उशिरा पोचणार, हे आता आंब्याच्या लोणच्याइतकं ठरलेलं.

या सावधपणामागे 22 जून 2003 ची रात्र आहे. सुट्टी संपवून माणसं कारवारहून मुंबईला निघालेली. वैभववाडीजवळ कापलेल्या डोंगरातले धोंडे रुळावर आले, त्यांची विशेष गाडी धोंड्यांवर आदळली आणि 50हून जास्त माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसवर तसाच प्रसंग.

डोंगर कापून, 91 बोगदे काढून केलेला हा मार्ग. दरड कोसळल्याचं ड्रायव्हरला दिसतं तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेलं नसतं. मग डोंगरानेच आधी सांगावं, अशी युक्ती निघाली. धोंडे अडवायला उतारावर लावलेल्या जाळीत कल मोजणारी यंत्रं बसवायची. दरड घसरली की यंत्र कलणार आणि इशारा पुढे जाणार. कोकण रेल्वेने नाव दिलं रक्षा धागा. राखीपौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्या मुलखात ते नाव परकं वाटलं नाही.

धाग्याचा थोरला भाऊ रक्षा कवच. 2 ऑगस्ट 1999 ला उत्तर बंगालात गैसलला दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. त्यानंतर कोकण रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख बी. राजाराम यांनी टक्कर टाळणारं यंत्र मांडलं. प्रत्येक इंजिनात एक डबा. तो उपग्रहावरून स्वतःची जागा ओळखतो, जवळच्या इंजिनांतल्या डब्यांशी रेडिओवर बोलतो आणि धोका दिसला तर ड्रायव्हरची वाट न पाहता ब्रेक लावतो.

यातली खरी मेख वेगळीच होती. शेजारच्या दोन रुळांत अंतर जेमतेम पाच मीटर आणि उपग्रहाच्या मोजणीतली चूक त्याहून मोठी. मग समोरची गाडी आपल्याच रुळावर आहे की बाजूच्या, हे डब्याने ओळखायचं कसं? राजाराम यांनी जागा मोजण्याऐवजी वळणं मोजली. सांध्यावरून रूळ बदलताना गाडी किती आणि कुठल्या बाजूला सरकली, याचा हिशेब डबा ठेवतो आणि त्यावरून रूळ ठरवतो. आजच्या भाषेत याला कृत्रिम बुद्धिमत्ता कुणी म्हणणार नाही. पण अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधून स्वतः कृती करणं हा स्वभाव तोच, आणि मला तरी ही युक्ती आजच्या पुष्कळ ‘स्मार्ट’ वस्तूंपेक्षा हुशार वाटते. ईशान्येत चाचणी झाली तेव्हा अडचणी मात्र बऱ्याच आल्या. आता देशभर बसतंय ते ‘कवच’ वेगळं. ते स्लीपरवर बसवलेले टॅग वाचत जातं, जागा ओळखायला आकाशावर विसंबत नाही. नावाचा अर्धा भाग तेवढा सारखा.

2025 मध्ये आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याने प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्ता आणायला घेतली. देशातला पहिला एआय जिल्हा म्हणून पेपरात फोटोही आले. आकड्यांवरून निर्णय घेणं इथे तसं नवं नाही; बातमी वाचताना मला कणकवलीचं पर्जन्यमापक आठवलं. कोकण रेल्वेच्या मार्गावर अशी मोजकी यंत्रं आहेत. त्यांच्या आकड्यांवर इशारे निघतात, आणि जोराच्या पावसात पुढचं दिसेनासं झालं की गाडी ताशी 40 वर येते. पनवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजतात, सावित्री नि वाशिष्ठी नद्यांवर पाण्याची पातळी.

एवढं सगळं असूनही पावसाळ्यात माणूस रुळावरून चालतोच. अंगावर रेनकोट, एका हातात दिवा, पिशवीत लाल झेंडी आणि रुळावर ठेवायचे फटाके. धोंडा दिसला की तो गाडीच्या दिशेने पळत सुटतो आणि पुढे जाऊन रुळावर फटाके लावतो. काही दिसलं नाही तर हद्दीच्या टोकापर्यंत जातो. तिथे पलीकडचा गस्तवाला आलेला असतो. दोघं दिव्याच्या उजेडात गस्तवह्यांची अदलाबदल करतात आणि आल्या वाटेने परततात.