कुणाचीच नसलेली भाषा

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रचिन्हावर तळाशी एक घोषवाक्य आहे. अर्थ साधारण असा: वेगवेगळ्या लोकांनो, एक व्हा. भाषा खाम. ती आज जगात कुणीही बोलत नाही.

1910 पासूनच्या जुन्या चिन्हावर लॅटिन होतं: एकीत बळ. ते गोऱ्यांच्या राज्याचं चिन्ह. 27 एप्रिल 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी नवं चिन्ह जाहीर केलं. त्यात भाला आणि सोटा आडवे ठेवलेत, म्हणजे शस्त्रं खाली. ढालीवरची एकमेकांना भेटणारी दोन माणसं सान लोकांच्या एका जुन्या शिलाचित्रावरून घेतलीत.

तेव्हा देशात 11 अधिकृत भाषा होत्या. झुलू घेतली असती तर खोसावाले रुसले असते, इंग्रजी घेतली तर सगळेच. खामसाठी भांडायला कुणी उरलंच नव्हतं. निवड सन्मानाची होती, तशी सोयीचीही. मला टोचतं ते हेच. कारण ही भाषा आपोआप संपली नाही. गोऱ्या शेतकऱ्यांनी सान लोकांचे पाणवठे आणि शिकारीची रानं बळकावली, टोळ्या करून माणसं मारली, मुलंबाळं शेतांवर राबायला नेली.

मग वाक्य बनवण्याइतकी भाषा उरली कशी? 1870 च्या दशकात केप टाउनमध्ये विल्हेल्म ब्लीक हा जर्मन भाषातज्ज्ञ आणि त्याची मेव्हणी ल्यूसी लॉइड यांनी खाम कैद्यांना घरी ठेवून घेतलं आणि त्यांच्याकडून भाषा, गोष्टी, आठवणी उतरवून घेतल्या. त्यांतला एक काब्बो. गुन्हा जनावरं चोरल्याचा. शिक्षा संपल्यावरही तो शिकवायला थांबला. आपल्या गोष्टी पुस्तकांतून लोकांना कळणार, याचा त्याला आनंद होता, असं लॉइडने नोंदवलंय. तो 1876 मध्ये गेला; पुस्तक आलं 1911 मध्ये.

त्या वह्यांची पानं सुमारे 12,000. आज ती स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत. मी इंजिनिअर, त्यामुळे आधी लिपीच बघितली. खाममध्ये जिभेच्या टिचक्या ही व्यंजनं आहेत. हळहळताना आपण ‘च्च’ करतो, तो आवाज भाषेच्या नावातच सुरुवातीला येतो. घोडा हाकताना गालाच्या बाजूने काढतात तो दुसरा. घोषवाक्य देवनागरीत लिहिलं तर ‘के ए खर्रा के’ होतं. दोन्ही ‘के’ सारखे दिसतात, पण पहिल्याचा अर्थ लोक, शेवटच्याचा एक होणं. फरक फक्त टिचकीचा, आणि तोच आपल्या अक्षरांतून गळतो.

राष्ट्रचिन्हाबद्दल वाचताना आपण सरकारचं, चित्रकाराचं नाव शोधतो. या वाक्यामागे मात्र सरकारनेच तुरुंगात टाकलेली माणसं आहेत. त्यांनी सांगितलं नसतं, तर लिहायला शब्दच नव्हते.