भुकटीतली मुसळी

पहिला पाऊस झाला की उमरोळी, पालघर, बोईसर या पट्ट्यातल्या बाजारांत आदिवासी बायका कुलू या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. कुणी तिला फोडशी म्हणतं. सफेद मुसळी याच गणातली. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम, म्हणजे बोरिवलीची. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी 1950च्या दशकात ते दिलं.

पानं खुडली तरी कंद जमिनीत राहतो, पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. औषधासाठी मात्र कंदच उपटतात. त्यानेच रानातली मुसळी विरळ झाली आणि भेसळ वाढली. खणताना ओळख सोपी असते: या मुसळीचे कंद बुडख्यालाच झुबक्याने लागतात, जवळच्या एका जातीचे लांब मुळांच्या टोकाला लोंबतात. सोलून वाळवले की सगळे सारखेच पांढरे, त्यात शतावरीही खपते. भुकटी झाल्यावर तर जाणकारही हात टेकतो.

तिथे डीएनए कामी येतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये एका ठरावीक जनुकाच्या तुकड्यावरून प्राण्यांची जात ओळखायची रीत मांडली. वनस्पतींत तो तुकडा फार सावकाश बदलतो, म्हणून 2009 मध्ये त्यांच्यासाठी हरितलवकातली आरबीसीएल आणि मॅटके ही दोन जनुकं ठरली. 2012 मध्ये पर्थच्या मर्डॉक विद्यापीठाने सीमेवर जप्त झालेली चिनी औषधं डीएनएवरून तपासली, तर वनस्पतींबरोबर सायगा कुरंग आणि आशियाई काळं अस्वलही निघालं.

आपल्याकडे कोष्ठ, म्हणजे उपलेट, 1991च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आलेल्या सहा वनस्पतींपैकी एक. पुष्करमुळाशी त्याची सतत गल्लत होते. डीएनए चाचणी तिथे हवीच. पण काढा उकळला, अर्क काढला की डीएनएचे तुकडे होतात. तपासणी कच्च्या मालावरच व्हावी. आणि शेतातलं कोष्ठ कुठलं, रानातलं कुठलं, हे डीएनए सांगत नाही. तिथे कागदपत्रंच पाहावी लागतात.

वाचलेला डीएनए जुळवायचा तो अचूक ओळखलेल्या नमुन्याशी. झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहांची किंमत मला इथे कळते. नमुन्यावरचं नाव चुकलं तर प्रयोगशाळा तीच चूक पुढे नेते. म्हणून मुसळीचा नमुना कंदासकट, फुलासकट, गाव आणि तारीख लिहूनच घ्यायला हवा, आणि तिला फूल येतं ते पावसाळ्यातच.