कॅरिबियन बेटांची भाकरी : भाजीचे केळे

केळे म्हटले की मराठी माणसाला शिकरण आठवते, सत्यनारायणाचा प्रसाद आठवतो, उपवासाची सोय आठवते. थोडक्यात, एक गोड फळ. कॅरिबियन समुद्रातील बेटांवर मात्र केळ्याचे खरे स्थान चुलीवर आहे. क्यूबा, हैती, डॉमिनिकन प्रजासत्ताक, प्युर्टो रिको, जमैका येथे ‘प्लँटेन’ म्हणजे भाजीचे केळे हे भात-भाकरीच्या तोलाचे अन्न मानले जाते. नेहमीच्या केळ्यापेक्षा ते लांब, जाड सालीचे आणि ठसठशीत कडांचे असते. हिरवे असताना कच्चे खाल्ले तर तुरट आणि पिठूळ लागते. वसई-कोकणातील राजेळी आणि केरळचे नेंद्रन ही याच गोतावळ्यातील केळी होत.

केळ ही मूळची अमेरिकेची नव्हे. आग्नेय आशियाकडील दोन रानटी जातींच्या संकरातून भाजीच्या केळीचा वंश सुरू झाला व तो आफ्रिकेत जाऊन पुरता रुजला. इ.स. १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा या स्पॅनिश धर्मगुरूने कॅनरी बेटांवरून केळीची रोपे हिस्पॅनिओला बेटावर आणली, अशी नोंद त्या काळचा इतिहासकार ओव्हिएदो याने करून ठेवली आहे. पुढे उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. जमैकासारख्या बेटावर ऊस येत नाही असे डोंगरउताराचे तुकडे त्यांना पोटापुरते पिकविण्यासाठी दिले जात. दिवसभर मळ्यात राबून उरलेल्या वेळात करायची ही शेती. तीत केळीसारखे सोयीचे पीक दुसरे कोणते? एकदा लावली की मुनवे फुटत राहतात आणि बारमाही घड मिळतात.

या पिकाचा वैरी एकच, वारा. केळीचे खोड म्हणजे पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी; त्यात लाकूड नसते. १७८० पासून जमैकावर लागोपाठ चक्रीवादळे आली, केळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धामुळे उत्तरेकडून येणारे धान्यही तुटले. १७८० ते १७८७ या काळात भूक आणि तिच्यामागून आलेल्या रोगराईने सुमारे १५ हजार गुलाम दगावले, असा अंदाज खुद्द जमैकाच्या विधिमंडळाने केला होता. हा अंदाज मळेवाल्यांच्याच सभेचा, हे ध्यानात ठेवलेले बरे. वाऱ्याला टिकेल असे स्वस्त अन्न हवे म्हणून ताहितीहून नीरफणसाची रोपे आणण्याची मोहीम निघाली. ‘बाउंटी’ जहाजावरील प्रसिद्ध बंड याच सफरीतले. अखेर १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय यांनी ती रोपे जमैकात उतरविली. गुलामांनी मात्र बराच काळ नीरफणसाकडे पाठ फिरवून केळेच पसंत केले. वाऱ्याचे हे भय आजही सरलेले नाही. २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ चक्रीवादळ प्युर्टो रिकोवर आदळले, तेव्हा बेटावरील सुमारे ८० टक्के पीक गेल्याचा प्राथमिक सरकारी अंदाज होता. त्यात केळीच्या बागा होत्याच, आणि नव्या रोपाला घड धरून तो उतरवायला नऊ महिने ते वर्ष लागते.

पाककृतींकडे वळले की सारा खेळ पिकण्याच्या पायरीचा असतो. हिरव्या केळ्यात पिष्ट भरपूर, म्हणून ते बटाट्यासारखे वागते. पिकत जाते तशी त्या पिष्टाची साखर होते. आपल्याकडे साल काळी पडली की केळे ‘उतरले’ म्हणून बाजूला टाकतात, तिथली गृहिणी नेमकी त्याचीच वाट पाहते. अशा काळ्या सालीच्या केळ्याचे तिरके काप तळले की साखर करपून कडा तपकिरी होतात. क्यूबात यांना ‘मादुरोस’ म्हणतात. जमैकात खारवलेली मासळी आणि ॲकी या फळाच्या न्याहारीशेजारी असेच काप असतात.

हिरव्या केळ्याचे ‘तोस्तोनेस’ सर्वांत लोकप्रिय. याची साल हाताने सुटत नाही. दोन्ही टोके कापून, कडांवरून सुरीने उभ्या चिरा देऊन ती अंगठ्याने उचलावी लागते, आणि चीक बोटांना लागला की डाग सहजी जात नाही. प्युर्टो रिकोत अस्सल देशी माणसाच्या अंगावर ‘केळ्याचा डाग’ असतो असे अभिमानाने म्हणतात, ते यावरूनच. तिथले चित्रकार रामोन फ्रादे यांनी १९०५ च्या सुमारास केळ्यांचा घड कवेत घेतलेला अनवाणी वृद्ध शेतकरी रंगविला व चित्राला नाव दिले ‘आमची भाकर’. इंचभर जाडीचे तुकडे मध्यम आचेवर मऊ होईतो तळायचे, फळीखाली दाबून चपटे करायचे, लसणीच्या मिठाच्या पाण्यात बुडवून निथळायचे आणि कडक तेलात पुन्हा तळायचे. हैतीत हेच ‘बानान पेझे’. सोबतीला कोबी-गाजर व झणझणीत मिरचीचे व्हिनेगरमध्ये मुरलेले ‘पिकलीझ’.

तळलेले हिरवे केळे लाकडी उखळीत लसूण, तेल व डुकराच्या कुरकुरीत कातडीबरोबर कुटले की प्युर्टो रिकोचे ‘मोफोंगो’ होते. पश्चिम आफ्रिकेतील कुटलेल्या ‘फुफू’शी त्याचे नाते उघड आहे, क्यूबात तर ‘फुफू’ हे नावही टिकले. डॉमिनिकन ‘मांगू’साठी केळे उकडून, त्याच पाण्याचा हात देत, लोणी घालून घोटतात व वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा पसरतात. घोटणे गरम असतानाच उरकावे. गार झाल्यावर गोळा दगडासारखा होतो.

हिरवी राजेळी वा नेंद्रन मिळाली तर तोस्तोनेस आपल्या कढईतही उत्तम जमतात. दुसऱ्या तळणीपूर्वी तुकडे नीट निथळले आहेत ना, एवढे पाहावे, नाहीतर तेल अंगावर उडते. आणि पानात गरमच वाढावेत.