काढा, मध आणि श्वासाची मोजणी

खोकला झाला की आपल्याकडे तुळशी-आल्याचा काढा, अडुळशाचा रस किंवा मध देतात. साध्या सर्दी-खोकल्यात मधाने घशाला आराम पडतो. (एक वर्षाखालील बाळाला मात्र मध देऊ नका.) पण न्यूमोनिया काढ्याने बरा होत नाही.

हे गडचिरोलीने दाखवून दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना व दाईंना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक द्यायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधे उपकरण बनवले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. या ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या ४४ गावांपेक्षा ५४ टक्के कमी होते.

तुम्हीही मोजा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल पाहा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल, तर लगेच निघा. काढा उकळण्यात वेळ घालवू नका.