शिरस्त्राण (दुचाकी)

शिरस्त्राण किंवा हेल्मेट हे मोटारसायकल, स्कूटर आदी दुचाकींच्या चालकाने व मागे बसणाऱ्याने डोक्याच्या संरक्षणासाठी घालावयाचे साधन आहे. डोक्याची इजा हे दुचाकी अपघातांतील मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्ताच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२, तर डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

रचना व कार्य

बाहेरील कठीण कवच, त्याखालील विस्तारित पॉलिस्टायरीनचा थर, मऊ अस्तर व हनुवटीचा पट्टा हे हेल्मेटचे मुख्य भाग होत. कवचामुळे आघात विस्तृत भागावर पसरतो. थर्माकोलच्याच जातीचा आतील थर आघाताने चेपतो. त्यामुळे डोके एकदम न थांबता काही सहस्रांश सेकंद अधिक घेऊन थांबते व मेंदूला बसणारा हादरा कमी होतो. चेपलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.

इतिहास

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलच्या अपघातात जबर जखमी होऊन मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदूशल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा इजांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हेल्मेटची उपयुक्तता दाखविणारा लेख प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये सर्व दुचाकीस्वारांसाठी हेल्मेट १९७३ मध्ये सक्तीचे झाले.

भारतातील कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वारास, मागे बसणाऱ्यासही, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने उल्लंघनासाठी १,००० रुपये दंड व तीन महिने परवाना-अपात्रतेची तरतूद केली. जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह अनिवार्य आहे. संबंधित मानक आयएस ४१५१ हे होय. महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, हेल्मेटसक्तीला वेळोवेळी विरोध झाला आहे.

योग्य वापर

हेल्मेट डोक्यावर घट्ट, परंतु न टोचणारे असावे. मान हलविली असता ते डोक्यावर फिरू नये. पट्टा न बांधलेले हेल्मेट अपघातात डोक्यावरून निसटून जाते, त्यामुळे ते असून नसल्यासारखेच ठरते. पट्टा बांधणे हा कलम १२९ मधील व्याख्येचाच भाग आहे.